फरशीवरची फुली

न्हाणीघरात गुणगुणताना एखादाच सूर अचानक फुगतो, जणू भिंतीही आपल्याबरोबर गाऊ लागतात. आपल्याला मौज वाटते, पण ध्वनिमुद्रकाला हाच सूर छळतो.

कंट्री संगीताचं माहेर असलेल्या अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात आरसीए या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ बी १९५७ साली उभा राहिला. १९५९ मध्ये बिल पोर्टर तिथे ध्वनिमुद्रक म्हणून रुजू झाले. त्याआधी ते टीव्ही केंद्रात आवाजाचं काम पाहत. स्टुडिओची खोली काही सुरांना नको तितकी घुमायची, आणि पोर्टर यांनी आधी या खोलीलाच हात घातला.

खोली घुमते कशी? तंबोऱ्याची तार दोन्ही टोकांना बांधलेली असते, म्हणून तिच्या लांबीत बसणारीच कंपनं तिच्यात टिकतात. समोरासमोरच्या भिंतींमधल्या हवेचंही तसंच. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. भिंतींमध्ये ५ मीटर अंतर असेल, तर जाऊन-येऊन १० मीटर होतात, आणि ३४, ६८, १०२ हर्ट्झचे (सेकंदाला तितक्या कंपनांचे) सूर भिंतींवरून परतताना स्वतःच्याच लाटांना बळ देतात. बास गिटार आणि पुरुषी खर्ज नेमके याच पट्ट्यात येतात.

पोर्टर यांनी छताला लावायचे फायबरग्लासचे पत्रे आणले, त्रिकोणी कापले आणि त्यांचे पिरॅमिड करून कमी-जास्त उंचीवर टांगले. तिरक्या बाजूंवरून आवाज विखुरतो. तंतूंमध्ये अडकलेली हवा घासली जाते आणि थोडी ध्वनिऊर्जा उष्णता होऊन विरते. पण १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी ३.४ मीटर! पातळ पत्रा तिला कितीसा अडवणार?

पोर्टर यांची खरी हुशारी मला इथे दिसते. त्यांनी खोलीत सूर वाजवले, मायक्रोफोन जागोजागी फिरवला आणि घुमणं सर्वात कमी ऐकू आलं तिथे फरशीवर फुली मारली. भिंतींमध्ये अशा जागच्या जागी घुमणाऱ्या (स्थिर) लाटेत काही जागी हवेचा दाब जवळजवळ बदलतच नाही. तिथल्या मायक्रोफोनला गायक ऐकू येतो, खोलीचा तो हट्टी सूर मात्र जेमतेम. भिंत न पाडता, केवळ जागा बदलून!

याच खोलीत त्यांनी जिम रीव्ह्ज (भारतातही त्यांचे चाहते पुष्कळ), रॉय ऑर्बिसन, एव्हर्ली बंधू आणि एल्विस प्रेस्ली यांचे आवाज टिपले. टेपवर तेव्हा ट्रॅक (आवाज वेगवेगळे टिपायच्या पट्ट्या) दोन-तीनच, त्यामुळे गाणं चालू असतानाच वाद्यं-आवाजांचा तोल साधावा लागे. ऑर्बिसन यांच्या एका गाण्यात त्यांनी चक्क साथीदारांचे आवाज पुढे ठेवून त्यांच्याभोवती बाकीचं रचलं. १९६० मध्ये एका आठवड्यात ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या लोकप्रिय शंभर गाण्यांत पंधरा पोर्टर यांनी मुद्रित केलेली होती.

१९७५ पासून त्यांनी मायामी विद्यापीठात ध्वनिमुद्रण शिकवलं. त्याच दशकात एल्विसच्या जाहीर कार्यक्रमांचा आवाजही ते सांभाळत. तिथे दर मुक्कामी नवं सभागृह, नव्या भिंती. शिवाय माणसांचे कपडे आणि शरीरंही आवाज शोषतात, त्यामुळे रिकाम्या सभागृहात जुळवलेला आवाज लोक येऊन बसले की पुन्हा जुळवावा लागतो.