उत्तर उताऱ्यात असतं : आयईएलटीएसच्या रीडिंगची तयारी

आमच्या रत्नागिरीच्या वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

एक बागायतदार काका मुलीला घेऊन आमच्याकडे आले होते. मुलगी बीएस्सी नर्सिंग झालेली, ब्रिटनला जायचं ठरवलेली, म्हणून आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणारी. बोलता बोलता काका म्हणाले, "पेपरात आंब्यावर उतारा आला ना मॅडम, तर हिला पैकीच्या पैकी. कलमांखालीच वाढलीय ती." आम्ही खरंच आंब्यावर एक छोटा उतारा लिहिला, तोही मराठीत, आणि वर्गात सगळ्यांना दिला. पाच विधानांपैकी तिची दोन चुकली. शेजारी घाटावरून नोकरीसाठी आलेला एक मुलगा बसला होता. त्याला हापूस आणि पायरी यांतला फरकही सांगता येत नव्हता, पण त्याचं एकही चुकलं नाही.

त्या दिवसापासून नव्या विद्यार्थ्याला आम्ही पहिल्यांदा तोच उतारा देतो. रीडिंगमध्ये, म्हणजे परीक्षेच्या वाचनाच्या भागात, गुण कुठे जातात, हे त्यावरून दहा मिनिटांत कळतं. तुम्हीही सोडवून बघा. उत्तरं खाली दिली आहेत, तिथे आधी नजर टाकू नका.

आंब्याचा उतारा

पिकलेल्या हापूसच्या काही फळांत आतल्या गराचा काही भाग पांढरट आणि आंबट राहतो. या दोषाला कोकणात साका म्हणतात. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये 'रत्ना' ही जात प्रसारित केली. या जातीच्या फळांत साका आढळत नाही. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून 'सिंधू' ही जात तयार झाली. तिची कोय अतिशय पातळ असते.

आता प्रत्येक विधानापुढे 'ट्रू' (उतारा तसंच सांगतो), 'फॉल्स' (उतारा त्याच्या उलट सांगतो) किंवा 'नॉट गिव्हन' (उताऱ्यात त्याबद्दल काहीच नाही) लिहा.

१. रत्ना ही जात तयार करताना हापूसचा उपयोग झाला.
२. साका झालेलं फळ कापल्याशिवाय ओळखता येत नाही.
३. सिंधू ही जात रत्नाच्या आधीची आहे.
४. हापूसच्या प्रत्येक फळात साका असतो.
५. रत्नाच्या फळाला हापूसची चव नाही.

पहिलं ट्रू. तिसरं फॉल्स, कारण 'पुढे' हा शब्द उताऱ्यात आहे. चौथंही फॉल्स, कारण तिथे 'काही फळांत' असं लिहिलं आहे. दुसरं आणि पाचवं दोन्ही नॉट गिव्हन.

बागायतदारांच्या घरातली मुलं दुसऱ्या विधानापाशी वाद घालतात. "मॅडम, साका वरून दिसतच नाही! आम्ही पेट्या भरतो, आम्हाला विचारा." बरोबर आहे, साका वरून दिसत नाही. पण उताऱ्यात ते लिहिलेलं नाही, आणि परीक्षक तुमचं आंब्याचं ज्ञान तपासत नाही. दिलेल्या मजकुरात काय आहे आणि काय नाही, एवढंच तो तपासतो. पाचव्या विधानाला तर रत्नागिरीत कुणीही डोळे मिटून 'ट्रू' म्हणेल. उतारा मात्र चवीबद्दल गप्प आहे.

फॉल्स आणि नॉट गिव्हन यांतला फरक ओळखायला आम्ही एकच उपाय शिकवतो : बोट ठेवा. विधानाला खोटं पाडणाऱ्या शब्दावर बोट ठेवता आलं तर फॉल्स. बोट ओळीवरून फिरतच राहिलं, कुठे टेकलंच नाही, तर नॉट गिव्हन. मनातून "पण असं असणारच" असा आवाज आला की सावध व्हा, कारण तो आवाज उताऱ्यातला नसतो. शिवाय 'ऑल', 'ओन्ली', 'सम', 'मोस्ट', 'नेव्हर' या छोट्या शब्दांवर पेन्सिलीने खूण करायची सवय लावा. चौथं विधान अशाच एका शब्दामुळे पडलं.

उतारा मराठीत का, असं पालक विचारतात. कारण त्यात इंग्रजीचा अडसर नाही, तरीही चुका होतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना वाटतं, आपलं इंग्रजी कच्चं म्हणून गुण गेले. इंग्रजी पक्कं करायला हवंच, पण निम्मं काम वाचण्याच्या सवयीचं आहे, आणि ती सवय मराठीतही लावता येते.

परीक्षेचं स्वरूप

आयईएलटीएसचे दोन प्रकार आहेत, अकॅडमिक आणि जनरल ट्रेनिंग. दोन्हींच्या रीडिंगला ६० मिनिटं आणि ४० प्रश्न असतात. अकॅडमिकमध्ये तीन मोठे उतारे येतात, तिन्ही मिळून साधारण २१५० ते २७५० शब्द. जनरल ट्रेनिंगमध्ये आधी जाहिराती, सूचनापत्रकं, नोकरीच्या ठिकाणचे नियम असे छोटे मजकूर येतात आणि शेवटी एक मोठा उतारा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही जागा कोरी सोडायची नाही.

अकॅडमिकमध्ये ४० पैकी साधारण ३० बरोबर आले की ७ बँड (बँड म्हणजे या परीक्षेतली गुणश्रेणी) मिळतो आणि २३ आले की ६. जनरलचे उतारे सोपे, म्हणून तिथे ७ साठी साधारण ३४ लागतात. पेपरागणिक एखाद्या गुणाचा फरक पडतो. हे आकडे आम्ही मुद्दाम देतो, कारण त्यातून धीर येतो. अकॅडमिकमध्ये ७ हवे असतील तर दहा प्रश्न चुकले तरी चालतात. मग एका हट्टी प्रश्नापाशी चार मिनिटं कशाला घालवायची?

कोणती परीक्षा द्यायची, हे ज्यांच्याकडे अर्ज करायचा त्यांच्या संकेतस्थळावर वाचूनच ठरवा. शेजारच्या मुलाने काय दिली त्यावरून ठरवू नका. ब्रिटनच्या नर्सिंग मंडळाला आयईएलटीएस अकॅडमिकच्या रीडिंगमध्ये ७ लागतात किंवा ओईटी या आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेच्या रीडिंगमध्ये 'बी' श्रेणी, म्हणजे ३५० गुण. कॅनडात स्थायिक व्हायच्या एक्स्प्रेस एन्ट्री योजनेसाठी जनरल ट्रेनिंग चालते. ओईटीचं रीडिंगही एका तासाचंच, पण त्याच्या पहिल्या भागात १५ मिनिटांत २० प्रश्न सोडवायचे असतात. वॉर्डात काम केलेल्या मुलींना त्यातला मजकूर ओळखीचा वाटतो, वेग मात्र कमवावा लागतो. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं धरतात, म्हणून कागदपत्रांची जुळवाजुळव सुरू व्हायच्या आतच परीक्षा उरकून ठेवू नका.

वेळ

आमच्यापैकी एकीने स्वतः ही परीक्षा पहिल्यांदा दिली तेव्हा कागदावरच्या पेपरात लिसनिंगनंतर उत्तरं उतरवायला दहा मिनिटं मिळाली. रीडिंगलाही मिळतील असं धरून ती उत्तरं प्रश्नपत्रिकेवरच लिहीत गेली. रीडिंगला अशी जादा वेळ नसते. शेवटची सात उत्तरं येत असूनही उतरवायची राहिली. म्हणून आमच्या वर्गात पहिल्या दिवसापासून उत्तर थेट उत्तरपत्रिकेत लिहायचं, सरावालासुद्धा. संगणकावर परीक्षा देणाऱ्यांना ही अडचण येत नाही, पण त्यांनी सराव मोबाइलवर करू नये. परीक्षेत डावीकडे उतारा आणि उजवीकडे प्रश्न असे शेजारी शेजारी दिसतात, आणि दोन्हीकडे नजर फिरवायची सवय मोठ्या पडद्यावरच लागते. घरी संगणक नसेल तर आमच्याकडच्या दोनपैकी एकावर बसा.

तीन उतारे क्रमाने कठीण होत जातात. म्हणून प्रत्येकाला वीस-वीस मिनिटं न देता आम्ही १७, २० आणि २३ अशी वाटणी करायला लावतो.

कसं वाचायचं

मासळीबाजारात शिरल्यावर कुणी पहिल्याच टोपलीपाशी बसून भाव करत नाही. आधी एक फेरी मारायची, आज काय आलंय ते बघायचं. उताऱ्यातही तशी फेरी मारा : शीर्षक, प्रत्येक परिच्छेदाची पहिली एक-दोन वाक्यं, शेवटचं वाक्य. दोन-तीन मिनिटांत. कुठल्या परिच्छेदात काय आहे एवढं कळलं की पुरे, प्रत्येक शब्दाचा मराठी अर्थ मनात लावत बसू नका. मराठी माध्यमाच्या मुलांचा सर्वांत जास्त वेळ तिथेच जातो.

मग प्रश्न वाचा आणि शोधायला निघा. एसटी स्थानकावर गुहागरची गाडी बघताना आपण सगळा फलक वाचतो का? डोळे फक्त 'गुहागर' शोधत असतात. तसंच नावं, साल, आकडे, मोठ्या अक्षराने सुरू होणारे शब्द आधी शोधायचे. ते सापडलं की मात्र थांबा आणि पुढची-मागची दोन वाक्यं सावकाश वाचा. ट्रू-फॉल्स, बहुपर्यायी आणि वाक्य पूर्ण करा या प्रश्नांची उत्तरं उताऱ्यात साधारण प्रश्नांच्याच क्रमाने येतात, त्यामुळे दुसऱ्याचं उत्तर सापडलं की तिसऱ्याचं त्याच्या पुढेच शोधायचं. 'ही माहिती कोणत्या परिच्छेदात आहे' या प्रकाराला हा क्रम लागू नाही. तो प्रकार त्या उताऱ्यातलं बाकी सगळं सोडवून झाल्यावर घ्या.

परिच्छेदांना मथळे जुळवायचा प्रश्न उताऱ्याच्या आधी छापलेला असतो, म्हणून मुलं तो आधी घेतात. आमचं मत वेगळं आहे. तपशिलाचे प्रश्न सोडवून उतारा दोनदा डोळ्यांखालून गेला की मथळे आपोआप सोपे होतात. त्यात एक फसवा प्रकार हमखास असतो : मथळ्यातला एखादा शब्द जसाच्या तसा परिच्छेदात दिसतो, पण परिच्छेद बोलत असतो दुसऱ्याच गोष्टीबद्दल. वेळासच्या कासवांवरच्या परिच्छेदात 'टुरिझम' हा शब्द एकदा आला म्हणून तो परिच्छेद पर्यटनाचा होत नाही. चार ओळी अंड्यांच्या राखणीबद्दल असतील तर मथळाही राखणीचाच.

रिकाम्या जागांत सर्वांत सोपे गुण असतात आणि सर्वांत निष्काळजीपणे जातात. 'नो मोअर दॅन टू वर्ड्स' लिहिलं असेल तर तीन शब्दांचं उत्तर चूक, मग अर्थ कितीही बरोबर असो. 'द' हाही एक शब्द मोजतात. शब्द उताऱ्यातून जसाच्या तसा उचला, एकवचन-अनेकवचनासकट, स्पेलिंगसकट. स्वतःच्या शब्दांत लिहायचा मोह आवरा.

घरी करायचा अभ्यास

शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करू नका, त्याने वही भरते आणि बाकी काही होत नाही. त्याऐवजी एका वहीत दोन रकाने करा. डावीकडे प्रश्नातला शब्द, उजवीकडे त्याच अर्थाने उताऱ्यात आलेला शब्द. प्रश्नात 'डिक्लाइन' तर उताऱ्यात 'फेल शार्पली'. प्रश्नात 'चिल्ड्रन' तर उताऱ्यात 'द यंग'. ही परीक्षा मुख्यतः शब्द बदलण्याच्या खेळावर उभी आहे. दोनेकशे जोड्या स्वतः जमवल्यात की त्याच त्या पुन्हा भेटू लागतात.

सुरुवातीला ओळखीच्या विषयांवरचं इंग्रजी वाचा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली, त्यांचं इंग्रजी वर्णन युनेस्कोच्या संकेतस्थळावर आहे. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे यांपैकी काही तुम्ही पाहिलीही असतील. समोरचं चित्र ठाऊक असलं की अवघड वाक्याचाही अर्थ लागतो आणि भीती जाते. महिनाभराने मात्र हा आधार सोडा आणि ज्याचा गंधही नाही असे विषय घ्या : मधमाश्या, काचेचा शोध, बर्फातले जीवाश्म. आंब्याच्या उताऱ्याने शिकवलं ते इथे उपयोगी पडतं. विषयाचं काहीच माहीत नसलं की माणूस मजकुराला धरून राहतो.

पेपर सोडवायचे ते परीक्षा घेणाऱ्या संस्थांनीच प्रसिद्ध केलेले. आठवड्याला दोन पुरेत. रोज एक पेपर सोडवून फक्त गुण मोजणारी मुलं आम्ही पाहतो, त्यांचा बँड जागचा हलत नाही. पेपरला एक तास लागला तर तपासायला दोन तास द्या : चुकलेल्या प्रत्येक उत्तराची ओळ शोधा, तिथे बोट ठेवा, आणि आपण काय वाचलं होतं ते शेजारी लिहा. चूक वेळेमुळे झाली, शब्द न कळल्यामुळे झाली की मनाने भर घातल्यामुळे, हे तीन पेपरांत स्पष्ट होतं. प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

परीक्षेला जाताना

ओळखीचा पुरावा म्हणून मूळ पासपोर्ट लागतो, आणि नोंदणीतलं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. मुंबई-पुण्याला परीक्षा असेल तर आदल्या दिवशी पोहोचा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं आणि गाड्या सावकाश चालतात. रात्रीच्या गाडीने निघून सकाळी थेट पेपरला बसायचा बेत करू नका.

फक्त रीडिंगमध्ये बँड अडला असेल तर संगणकावर परीक्षा दिलेल्यांना ६० दिवसांच्या आत तेवढा एकच भाग पुन्हा देता येतो. तुमची संस्था असा निकाल मानते का, ते मात्र पैसे भरण्याआधी तिला विचारा.

आमच्याकडे

आम्ही दोघीच शिकवतो, एका तुकडीत आठ जण घेतो. अमुक बँड मिळवून देऊ असं आम्ही कुणाला सांगत नाही. पहिली चाचणी विनामूल्य आहे. तिच्यानंतर तुम्हाला किती आठवडे लागतील ते प्रामाणिकपणे सांगतो, आणि वर्गाची गरज नसेल तर तेही सांगतो. येताना ज्या संस्थेकडे अर्ज करायचा आहे तिची गुणांची अट छापून आणा, पासपोर्टची प्रत आणा, आणि हे पत्रक आणा, वरच्या पाच विधानांची तुमची पहिली उत्तरं न खोडता.