सरकारी हॉस्पिटलातलं टीमवर्क (पुणे)

एका पेशंटसाठी डॉक्टर, सिस्टर, मामा-मावशी (म्हणजे कक्षसेवक), लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट, अँब्युलन्सवाले अशा सगळ्यांनी मिळून केलेलं काम म्हणजे टीमवर्क, ही झाली पुस्तकी व्याख्या. पुण्यातल्या सरकारी स्टाफला 'तुमची टीम कुठली' असं विचारलं तर मात्र जो तो वेगळं उत्तर देतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

रेसिडेंट डॉक्टरची, म्हणजे हॉस्पिटलात काम करत पीजी शिकणाऱ्याची, टीम म्हणजे त्याचं युनिट. वर प्रोफेसर, मग असोसिएट, लेक्चरर, मग जेआर (ज्युनिअर रेसिडेंट) थ्री, टू, वन, म्हणजे तिसऱ्या, दुसऱ्या, पहिल्या वर्षाचे, आणि सगळ्यात खाली सॅम्पल घेऊन लॅबकडे पळणारा इंटर्न. सिस्टरची टीम म्हणजे तिचा वॉर्ड. आता गंमत अशी की एका युनिटचे पेशंट दोन-तीन वॉर्डांत पसरलेले असतात आणि एका वॉर्डात दोन-तीन युनिटांचे पेशंट असतात, त्यामुळे सकाळी राउंड सुरू झाला की एकाच सिस्टरला दोन टोकांकडून हाका येतात, ती इकडे ड्रेसिंगला उभी तर तिकडे कुणीतरी फाईल शोधतंय, आणि दोघांनाही वाटतं की सिस्टर आपल्याला सहकार्य करत नाही. मामा-मावशींची टीम म्हणजे त्यांची पाळी. स्ट्रेचर, ऑक्सिजन सिलेंडर, ब्लड बँकेची बाटली, बेडपॅन, सगळं त्यांच्यावर, पण राउंडला त्यांना कुणी उभं करत नाही.

साहेबसुद्धा वेगवेगळे. रेसिडेंट एचओडीला म्हणजे विभागप्रमुखाला बांधलेला, स्टाफ नर्स इन्चार्ज सिस्टरला म्हणजे परिसेविकेला, परिसेविका मेट्रनला म्हणजे अधिसेविकेला, कक्षसेवक ऑफिसला, आणि कंत्राटी असेल तर ठेकेदाराच्या सुपरवायझरला. या सगळ्यांचा मिळून एकच साहेब शोधायचा तर थेट अधीक्षक किंवा डीनपर्यंत जावं लागतं, आणि रात्री दोन वाजता सलाईन स्टँड मिळत नाही म्हणून डीनला कोण फोन करणार? संपसुद्धा एकत्र होत नाहीत, मार्ड म्हणजे रेसिडेंट लोकांची संघटना आपल्या मागण्यांसाठी बसते, आणि मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला तेव्हा बाहेर पडले ते नर्सेस आणि चतुर्थ श्रेणीवाले.

शहरात मालकही एक नाही. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं आणि १८६७ मध्ये सुरू झालेलं ससून हे बीजे मेडिकलला जोडलेलं, राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. औंधचं जिल्हा रुग्णालय आरोग्य खात्याकडे, कमला नेहरू आणि नायडू पुणे महापालिकेकडे, पिंपरीचं वायसीएम तिकडच्या महापालिकेकडे. पेशंट मात्र या सगळ्यांतून फिरतो. 'ससूनला न्या' असं चिठ्ठीवर लिहून पाठवलेल्या पेशंटला आधी काय इंजेक्शन दिलंय हे चिठ्ठीवर नसेल तर कॅज्युअल्टीतला सीएमओ, म्हणजे ड्युटीवरचा डॉक्टर, नातेवाईकांनाच विचारतो.

कोण किती दिवस टिकतो हा मुद्दा तर फारच महत्त्वाचा, आणि मिटिंगमध्ये तो सहसा निघत नाही. इंटर्न काही आठवड्यांत पुढच्या पोस्टिंगला, रेसिडेंट ३ वर्षांत बाहेर, पण मावशी त्याच वॉर्डात वर्षानुवर्षं. त्यामुळे नवीन जेआर वनला खरं शिकवतं कोण तर इन्चार्ज सिस्टर. कागदावर ऑर्डर डॉक्टरची असते, प्रत्यक्षात तो हळूच विचारतो, 'सिस्टर, सर हा डोस किती देतात?' आणि वर्षभरात तोच सिस्टरवर ओरडायला लागतो, हे सिस्टर लोकांचं जुनं दुखणं आहे. आईच्या वयाच्या मावशीसुद्धा पंचविशीतल्या पोराला 'अहो डॉक्टर' म्हणतात. त्यांचं नाव काय, ते त्याला बऱ्याचदा माहीतच नसतं.

नावाची गोष्ट किरकोळ वाटते, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या सर्जरी चेकलिस्टमध्ये चिरा देण्याआधी ऑपरेशन थिएटरमधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं हे लिहिलेलंच आहे. ८ शहरांतल्या हॉस्पिटलांत ती वापरून बघितली तर मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ वर आले, असं २००९ मध्ये छापून आलं. आपल्याकडे बऱ्याचदा सिस्टर शेवटी चेकलिस्टवर एकदम सगळ्या टिकमार्क करून टाकते, हे कुणालाही विचारा. चुका बोलून दाखवायचंही तसंच. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेला १९९६ च्या अभ्यासात उलटंच दिसलं, चांगल्या टीमवर्कच्या वॉर्डात औषधांच्या चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या, कारण तिथे लोक चूक लपवत नव्हते. मेमो मिळेल या भीतीने गप्प बसणाऱ्या वॉर्डाचं रजिस्टर नेहमीच स्वच्छ असतं.

इमर्जन्सीत मात्र हेच लोक ओळखू येत नाहीत. हायवेवरचा अपघात आला की कोण कुणाचा साहेब ते सगळे विसरतात, मामा स्वतःच ऑक्सिजन लावून मोकळा होतो, सिस्टर ऑर्डरची वाट न बघता व्हेन घेते, म्हणजे शिरेत सुई लावते. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले कोविड पेशंट नायडूत आले, पुढे ससूनची नवी ११ मजली इमारत कोविडला दिली, तेव्हा पीपीई किटमध्ये कोण कोण आहे कळेना म्हणून छातीवर स्केचपेनने नावं लिहायची पद्धत पडली. तेव्हा बऱ्याच डॉक्टरांना मामांची नावं पहिल्यांदा कळली.

माणसं कमी असतील तर टीमवर्कच्या ट्रेनिंगला काही अर्थ नाही, असं सिस्टर सरळ सांगतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा हिशोब शिकवणाऱ्या हॉस्पिटलात ३ पेशंटमागे १ नर्स असा आहे, रात्रीच्या वॉर्डात त्याच्या जवळपासही काही नसतं. मग उरलेली ड्युटी नातेवाईक करतात, एक जण सलाईनची बाटली हातात धरून चालतो, दुसरा स्ट्रेचर ढकलतो, आणि एक्स-रे कुठल्या मजल्यावर ते वॉचमनला विचारतो.