फिरते अध्यक्षपद (युरोपीय संघ)

युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेचे (सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या सभेचे) अध्यक्षपद सदस्य देशांकडे सहा-सहा महिन्यांच्या पाळीने येते. पाळी १ जानेवारीला किंवा १ जुलैला सुरू होते. २७ सदस्यांमुळे एक फेरी पुरी व्हायला साडेतेरा वर्षे लागतात. वृत्तपत्री ‘युरोपीय संघाचे अध्यक्षपद’ हा उल्लेख सैल आहे. लिस्बन तह अमलात आल्यापासून (१ डिसेंबर २००९) राष्ट्र व शासनप्रमुखांच्या युरोपीय परिषदेला अडीच वर्षांसाठी निवडलेला स्वतंत्र अध्यक्ष असतो आणि परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठका संघाचे परराष्ट्र धोरण सांभाळणाऱ्या उच्च प्रतिनिधीकडे असतात.

आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. संघाचा पूर्वावतार असलेल्या पोलाद व कोळसा समुदायाच्या पॅरिस तहात (१९५१) वर्णानुक्रमे तीन-तीन महिन्यांची पाळी होती व १९५२ मध्ये ती पश्चिम जर्मनीपासून सुरू झाली. रोम तहाने (१९५७) मुदत सहा महिने केली. १९५८ मध्ये पहिली पाळी बेल्जियमची. जर्मनीचे स्थान का बदलले? पॅरिस तहाची अधिकृत भाषा फक्त फ्रेंच होती आणि फ्रेंचमध्ये जर्मनी ‘आलमान्य’. नंतर देशांची स्वभाषेतील नावे धरल्याने ‘डॉइचलांड’ बेल्जियममागे गेला, हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. ग्रीसला ‘एलास’ म्हणून जर्मनीनंतरची जागा मिळाली, तीही याच न्यायाने. आजची पद्धत १९५८ पासून मोजणेच सयुक्तिक.

सदस्यसंख्या सम असली की प्रत्येक देशाला दर फेरीत वर्षाचा तोच अर्धा भाग येई. वार्षिक अर्थसंकल्पाचे काम मुख्यतः उत्तरार्धात पडत असल्याने हा भेद नाममात्र नव्हता. बारा सदस्य झाल्यावर दुसऱ्या फेरीत जोड्या उलटवण्याचे ठरले. म्हणून १९८७ मध्ये बेल्जियमनंतर डेन्मार्क, तर १९९३ मध्ये डेन्मार्कनंतर बेल्जियम. आता वर्णानुक्रम नाही. तीन देशांचा गट अठरा महिन्यांचा सामाईक कार्यक्रम आखतो. अन्यथा सहामाहीत न संपलेले विधेयक पुढच्या अध्यक्षाच्या अग्रक्रमात मागे पडते.

खरे काम दीडशेहून अधिक कार्यगटांत चालते. अध्यक्ष देशाचा अधिकारी तडजोडीचा मसुदा मांडतो, सर्वांचे म्हणणे ऐकून तो सुधारतो आणि विशेष बहुमत जुळते का ते पाहतो: किमान १५ देश व ६५ टक्के लोकसंख्या. अडवणुकीला किमान चार देश लागतात. मसुदा मग स्थायी प्रतिनिधींच्या (सदस्य देशांच्या संघातील राजदूतांच्या) समितीत जातो. तेथे मिटलेल्या बाबी मंत्र्यांपुढे ‘ए’ बाबी म्हणून चर्चेविना मंजूर होतात. युरोपीय संसदेशी वाटाघाटीही अध्यक्ष देशच करतो. अध्यक्षाने तटस्थ राहावे अशी अपेक्षा असल्याने त्याच्या देशाची बाजू मांडायला दुसरा प्रतिनिधी वेगळ्या आसनावर बसतो. अध्यक्षपदामुळे जादा मत मिळत नाही.

पाळी चालू असताना सरकार पडले तरी अध्यक्षपद त्याच देशाकडे राहते: चेक सरकारने मार्च २००९ मध्ये विश्वास गमावला, तेव्हा उरलेली सहामाही आधी त्याच सरकारने व मे महिन्यापासून काळजीवाहू सरकारने निभावली. ब्रिटनने २०१६ च्या सार्वमतानंतर २०१७ च्या उत्तरार्धातील पाळी सोडली. ती एस्टोनियाला गेली आणि पुढचे देश सहा महिने अलीकडे सरकले. हंगेरीच्या २०२४ मधील पाळीवर युरोपीय संसदेने २०२३ मध्येच शंका घेतली होती, पण क्रम ठरवणे संसदेच्या हाती नाही. अध्यक्षपदाचे नियम युरोपीय परिषद विशेष बहुमताने ठरवते आणि देशांचा क्रम मंत्रिपरिषदेच्या निर्णयाने लागतो. सध्याचा क्रम २०३० पर्यंत निश्चित आहे.