मक्काबी हैफा : हंगामांच्या तक्त्यामागची गोष्ट

इस्रायलमधल्या कुठल्याही फुटबॉल क्लबचा हंगामवार तक्ता उघडला की रकाने साधारण तेच दिसतात: साल, कोणती साखळी, सामने, विजय, बरोबरी, पराभव, गोल, गुण, क्रमांक, मग स्टेट कप (देशाची बाद फेरीची मुख्य स्पर्धा), टोटो कप (साखळीतल्या क्लबांची दुय्यम कप स्पर्धा) आणि युरोप. मक्काबी हैफाच्या तक्त्यात 15 साखळी जेतेपदं आणि 6 स्टेट कप आहेत. पण हा तक्ता वरपासून खालपर्यंत एकाच मापाने वाचला, तर हमखास फसगत होते. साखळीचं नाव, संघांची संख्या, गुण देण्याची पद्धत, घरचं मैदान, इतकंच काय, क्लब कोणत्या खंडात खेळतो हेही मधल्या काळात बदललं. म्हणून आधी त्या-त्या वर्षाचे नियम आणि मग आकडा, असं वाचावं लागतं.

क्लब 1913 सालचा, म्हणजे इस्रायल देशापेक्षा 35 वर्षांनी मोठा. ब्रिटिश अमलाखालच्या पॅलेस्टाइनमध्ये प्रत्येक शहरात क्लब चळवळींप्रमाणे वाटले गेले होते. मक्काबी ही ज्यू क्रीडा चळवळ, हापोएल हिस्ताद्रुत या कामगार महासंघाशी जोडलेला, बेतार उजव्या विचारांचा. हैफा हे बंदराचं, कारखान्यांचं, कामगारांचं शहर. तिथे साहजिकच हापोएल हैफा हा मोठा क्लब आणि मक्काबी दुय्यम. ही गोष्ट लक्षात घेतली नाही तर पहिल्या 70 वर्षांतला दुष्काळ कळत नाही. 1942 च्या कप अंतिम सामन्यात मक्काबी हैफा बेतार तेल अवीवकडून 1-12 असा हरला. 1962 मध्ये मक्काबी तेल अवीवला 5-2 ने हरवून पहिला स्टेट कप मिळाला आणि पुढच्याच वर्षी अंतिम सामन्यात शहरातल्याच हापोएलने 1-0 ने हिसका दिला. साठ आणि सत्तरच्या दशकांत क्लब पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीत वर-खाली होत राहिला.

याच काळात तक्त्यातलं ‘साखळी’ हे नाव घोळ घालतं. पन्नाशीच्या सुरुवातीला देशातली सर्वोच्च साखळी होती लिगा आलेफ. 1955-56 पासून लिगा लेऊमित सर्वोच्च झाली आणि आलेफ एक पायरी खाली गेली. 1999-2000 पासून लिगात हाअल वर आली आणि लेऊमित दुसऱ्या श्रेणीत उतरली. म्हणजे 1994 सालच्या ओळीत ‘लिगा लेऊमित’ दिसलं तर तो देशातला पहिला दर्जा आणि 2004 सालच्या ओळीत दिसलं तर दुसरा. नवख्या वाचकाची सर्वाधिक गल्लत इथेच होते. दुसरी गल्लत 1966-68 ची. हा छापखान्याचा दोष नाही. तो खरोखर दोन वर्षांचा एकच हंगाम होता. 16 संघ एकमेकांशी चार-चार वेळा खेळले, प्रत्येकी 60 सामने झाले आणि जेतेपद मक्काबी तेल अवीवला गेलं. सरासरी काढताना ही ओळ वेगळी ठेवावी.

युरोपचा रकाना 1992 पर्यंत रिकामा का, याचंही कारण आहे. इस्रायल तेव्हा आशियात खेळत होता. 1964 चा आशिया कप त्यांनी जिंकला तेव्हा उपविजेता होता भारत, चुनी गोस्वामींचा. हापोएल तेल अवीवने 1967 मध्ये आणि मक्काबी तेल अवीवने 1969 आणि 1971 मध्ये आशियाई क्लब स्पर्धाही जिंकली. 1971 ला इराकचा संघ अंतिम सामना खेळायलाच उतरला नाही. असे नकार वाढत गेले आणि 1974 मध्ये इस्रायलला आशियाई महासंघातून बाहेर काढलं गेलं. युरोपच्या क्लब स्पर्धांची दारं उघडली ती 1992-93 मध्ये. हैफाची पहिली चार जेतेपदं नेमकी या पोकळीत पडली: 1983-84, 1984-85, 1988-89 आणि 1990-91. विजेता होऊन पुढे जायला जागाच नव्हती. त्या चार संघांची खरी ताकद किती होती, हे मापायला बाहेरची पट्टी फारशी मिळाली नाही, ही हळहळ वाटण्यासारखीच गोष्ट आहे.

पहिल्या जेतेपदाचा प्रशिक्षक श्लोमो शार्फ. 1991 मध्ये त्यानेच साखळी आणि कप दोन्ही जिंकून दिले. गुणांच्या बाबतीत एक खूणगाठ बांधून ठेवावी: इस्रायलने विजयाला तीन गुण देण्याची पद्धत 1982-83 पासून घेतली, युरोपातल्या बहुतेक देशांच्या कितीतरी आधी. त्यापूर्वीच्या ओळींत विजयाला दोनच गुण आहेत. तुलना करायची तर जुन्या हंगामात विजयांचा आकडा आणखी एकदा मिळवायचा, किंवा नव्या हंगामातून तो वजा करायचा.

1992 मध्ये मोटारींच्या आयातीचा व्यवसाय असलेल्या याकोव शाहार यांनी क्लब हाती घेतला. दोन वर्षांत या तक्त्यातली सर्वांत देखणी ओळ लिहिली गेली. 1993-94: सामने 39, विजय 28, बरोबरी 11, पराभव 0, गोल 97, गुण 95. सामने 39 कारण 14 संघ तीन-तीन वेळा एकमेकांशी खेळत. तेरा त्रिक एकोणचाळीस. जुन्या दोन गुणांच्या पद्धतीने हेच 67 गुण होतात. प्रशिक्षक ग्योरा श्पीगेल, मधल्या फळीत एयाल बेर्कोविच आणि रूवेन अतार, पुढे आलोन मिझराही. हे 95 गुण आजच्या 36 सामन्यांच्या हंगामाशी सरळ ताडून पाहू नयेत. दर सामन्यामागे गुण काढावेत, ते येतात जवळपास 2.44.

त्याच हंगामात कप विजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेत हैफाने तोर्पेदो मॉस्कोला बाहेर काढलं. बाहेर 0-1 हरून घरी 3-1 जिंकले. पुढची गाठ गतविजेत्या पार्माशी. घरी 0-1 पराभव, मग इटलीत जाऊन मिझराहीच्या गोलवर 1-0 विजय आणि पेनल्टींवर बाहेर. तक्त्यात याची नोंद फक्त ‘दुसरी फेरी’ एवढीच. पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत साल्झबुर्गने 2-1 आणि 3-1 असं दोन्ही वेळा हरवलं, त्याचीही नोंद एका ओळीची. दोन्ही ओळी सारख्याच किरकोळ दिसतात, पण एक संघ युरोपच्या गतविजेत्याच्या घरी जिंकला होता, दुसरा दोन्ही सामने हरला होता.

त्यानंतर सात वर्षं साखळी आली नाही. कारण सरळ आहे: माणसं गेली. बेर्कोविच इंग्लंडला गेला आणि 1994 नंतर आलेला हाइम रेविवो स्पेनला. कप मात्र 1995 आणि 1998 मध्ये आले. 1998-99 मध्ये कप विजेत्यांच्या स्पर्धेत पॅरिस सेंट-जर्मेनला पॅरिसमध्ये 1-1 रोखून घरी 3-2 ने हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे लोकोमोतिव मॉस्को भारी पडला. आणि नेमक्या त्याच हंगामात देशाची साखळी जिंकली हापोएल हैफाने, त्यांच्या इतिहासात एकदाच.

अवराम ग्रांटच्या हाताखाली 2000-01 आणि 2001-02 अशी लागोपाठ दोन जेतेपदं आली आणि इट्झहाक शूमने 2002 मध्ये श्टुर्म ग्राट्सचा अडथळा ओलांडून क्लबला चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत नेलं. इस्रायलचा हा पहिलाच क्लब. पण सुरक्षेच्या कारणावरून युएफाने, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाने, इस्रायलमध्ये सामने बंद केले होते. त्यामुळे ‘घरचे’ सामने सायप्रसच्या निकोसियात झाले. तक्त्यात ‘घर’ आणि ‘बाहेर’ असे रकाने असतात. 2002 पुरतं ते शब्द बाजूला ठेवावेत, कारण हैफाने सहाच्या सहा सामने परदेशात खेळले. तरीही याकुबूच्या तीन गोलांवर ऑलिंपियाकोसला 3-0 हरवलं. 29 ऑक्टोबरला मँचेस्टर युनायटेडविरुद्धही 3-0. गोल यानिव कातान, झुताउतास आणि पेनल्टीवर याकुबूचा. युनायटेडने त्याआधी ओल्ड ट्रॅफर्डवर 5-2 ने जिंकलं होतं आणि तिथेही पहिला गोल काताननेच मारला होता. 7 गुण, तिसरा क्रमांक. याच 2002-03 मध्ये देशाची साखळी मात्र मक्काबी तेल अवीवने समान गुणांवर, केवळ गोलफरकाने नेली. मग 2004, 2005, 2006 अशी सलग तीन जेतेपदं.

2009-10 ची ओळ तक्त्यात सर्वांत वाईट दिसते आणि ती सर्वांत बारकाईने वाचावी. आधी युरोप. साल्झबुर्गला पात्रता फेरीत 2-1 आणि 3-0 ने उडवून, म्हणजे 1994 चं उट्टं काढून, हैफा गटात पोचला. गटात बायर्न म्युनिक, युव्हेंटस आणि बोर्दो. सहा सामने, सहा पराभव, गोल शून्य, गुण शून्य. पण खाल्लेले गोल फक्त 8. बायर्नविरुद्धचा पहिला सामना 0-3, उरलेले पाचही 0-1. त्यातही घरचे सामने रामात गानच्या राष्ट्रीय मैदानावर, कारण 1955 पासून घर असलेलं किर्यात एलिएझेर चॅम्पियन्स लीगच्या निकषांत बसत नव्हतं. आता 2022-23 ची ओळ शेजारी ठेवा: 3 गुण, 7 गोल केले, 21 खाल्ले. 11 ऑक्टोबर 2022 ला ओमेर अत्झिलीच्या दोन गोलांवर युव्हेंटसला 2-0 हरवलं, ही क्लबच्या इतिहासातली मोठी रात्र. पण त्याच गटात पॅरिसमध्ये 2-7 आणि घरी बेनफिकाकडून 1-6. तक्ता सांगतो की 2022 चा संघ सरस. पण बचाव मोजायचा तर 2009 चा संघ कितीतरी घट्ट होता; त्याला गोल करणारा माणूस सापडला नाही, इतकंच.

2009-10 ची देशांतर्गत बाजूही नियमांनीच गुंतवलेली. त्या वर्षापासून 30 सामन्यांनंतर सगळ्यांचे गुण निम्मे करायचे आणि मग गटवार आणखी सामने (वरच्या गटात पाच), असा प्रकार आला. दहा गुणांची आघाडी एका रात्रीत पाचवर येते. जो संघ वर्षभर पुढे राहिला त्यालाच याचा फटका जास्त. 15 मे 2010 ला शेवटच्या दिवशी हैफा पुढे होता, पण बनेई येहुदाशी 1-1 बरोबरी झाली आणि तिकडे जेरुसलेमच्या टेडी स्टेडियमवर जादा वेळेत, 92 व्या मिनिटाला, एरान झहावीने गोल करून जेतेपद हापोएल तेल अवीवकडे नेलं. या काही हंगामांतला ‘गुण’ हा रकाना म्हणूनच कुठल्याही दुसऱ्या वर्षाशी जुळत नाही. तिथे विजय, बरोबरी, पराभव पाहून गुण स्वतः मांडावेत. 2012-13 पासून 14 संघ, 26 सामने, मग वरच्या सहांना आणखी 10 आणि खालच्या आठांना 7 सामने. म्हणून आजच्या तक्त्यात सामने कधी 36 तर कधी 33 दिसतात. 33 दिसले की क्लब त्या वर्षी पहिल्या सहात नव्हता, हे क्रमांक न पाहताही कळतं. मात्र 2001-02 ते 2008-09 मध्ये 12 संघ तीन-तीनदा खेळत आणि तेव्हा विजेत्यालाही 33 च सामने. तिथे हा ठोकताळा लावू नये.

2011 च्या जेतेपदानंतर पुन्हा दहा वर्षांचा दुष्काळ. 2014 मध्ये सुमारे 30 हजार क्षमतेचं सॅमी ओफेर स्टेडियम मिळालं, जुन्यापेक्षा दुपटीहून मोठं, पण नवं मैदान म्हणजे लगेच जेतेपद असं झालं नाही. मधल्या काळात हाती आला तो एक 2016 चा कप. हापोएल बेअर शेवा या क्लबला सलग तीन साखळ्या जिंकून देणारा प्रशिक्षक बराक बखार आला आणि 2021, 2022, 2023 अशी तीन जेतेपदं ओळीने आली.

2023-24 च्या ओळीत ‘घर’ हा शब्द पुन्हा अडतो. ऑक्टोबर 2023 मध्ये युद्ध पेटल्यावर युरोपचे सामने देशाबाहेर गेले. युरोपा लीगच्या गटात तिसरं येऊन हैफा कॉन्फरन्स लीगमध्ये उतरला, घेंटला हरवलं आणि फिओरेंतिनाविरुद्ध बुडापेस्टमध्ये 3-4, मग इटलीत 1-1 असं खेळून बाहेर पडला. तक्त्यात त्या 3-4 पुढे ‘घरी’ असंच लिहिलेलं आहे.