ई-रीडर आणि पीडीएफात अडकलेलं मराठी पुस्तक

सहा इंची ई-रीडरवर एखादं मराठी पुस्तक पीडीएफमध्ये उघडून बघा. अख्खं छापील पान पडद्यात मावतं खरं, पण अक्षरं मोहरीएवढी दिसतात. मोठी करावीत तर ओळीचं शेपूट पडद्याबाहेर जातं. मग पान डावीकडे-उजवीकडे सरकवत बसायचं, आणि सरकवलं की पडदा मिचकावतो. चार पानांत जीव कंटाळतो. दोष यंत्राचा नाही. ते वाहत्या मजकुरासाठी, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळी पुन्हा जुळवून घेणाऱ्या मजकुरासाठी बनलं आहे, आणि आपली कितीतरी पुस्तकं त्याच्या हाती थिजलेल्या पानांच्या रूपात आली.

ही यंत्रं पहिल्यांदा बाजारात आली ती 1998 मध्ये, अमेरिकेत. रॉकेट ईबुक आणि सॉफ्टबुक, दोन्हींचे पडदे एलसीडीचे. खरा बदल झाला तो इलेक्ट्रॉनिक शाईमुळे. एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या संशोधनातून 1997 मध्ये ई इंक कंपनी निघाली. पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या, त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे-पांढरे कण. वीज लागते ती पान बदलताना; एकदा उमटलेलं अक्षर विजेशिवाय तसंच राहतं. हा पडदा घेऊन 2004 मध्ये सोनीचं लिब्रिए जपानात आलं. यंत्र देखणं होतं, पण त्यावर घेतलेलं पुस्तक 60 दिवसांनी बंद पडायचं. वाचकांनी ते स्वीकारलं नाही, आणि बरंच झालं.

2007 हे वर्ष निर्णायक. सप्टेंबरमध्ये ईपब हे ई-पुस्तकांच्या फाइलींचं खुलं मानक जाहीर झालं आणि नोव्हेंबरमध्ये अॅमेझॉनचं किंडल आलं, ते मात्र ईपब न उघडणारं. अॅमेझॉनने 2005 मध्येच मोबिपॉकेट ही फ्रेंच कंपनी घेतली होती. किंडलचा स्वतःचा फाइलप्रकार तिच्या मोबी फाइलीवर बेतला. ईपब आतून म्हणजे वेबपानांची झिप केलेली पिशवी. फाइलीच्या नावातलं शेपूट बदलून झिप करा, प्रकरणं वेगवेगळी दिसतील. अर्थात, विक्रेत्याने नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप लावलेलं नसेल तर. कुलूप किती खोल जातं हे 2009 मध्ये दिसलं: जॉर्ज ऑर्वेलच्या विकत घेतलेल्या कादंबऱ्या हक्कांच्या वादामुळे वाचकांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या गेल्या. नंतर अॅमेझॉनने माफी मागितली. या कुंपणांमध्ये वाचकाला सर्वात मोठा आधार मिळाला तो कोविद गोयल यांच्या कॅलिबरचा. सोनीचा ई-रीडर लिनक्स या संगणकप्रणालीवर चालेना म्हणून 2006 मध्ये त्यांनी लिहायला घेतलेला हा प्रोग्रॅम आज फाइलींचे कितीतरी प्रकार एकमेकांत बदलून देतो, तोही मोफत.

पण मराठी फाइल कॅलिबरमध्ये घातली की अनेकदा भलतंच बाहेर पडतं. याचं मूळ ई-रीडरच्याही आधीचं आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, देवनागरी 1991 पासून आहे, तरी आपल्याकडची डीटीपी, म्हणजे छपाईसाठीची संगणकावरची जुळणी, वर्षानुवर्षं चालली ती श्रीलिपीसारख्या फाँटांवर. त्यांत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असे. फाँट काढला की ‘आई’च्या जागी निरर्थक रोमन चिन्हं. क्रमही निराळा. ‘दिवस’मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून जुन्या फाँटात ती ‘द’च्या आधी, युनिकोडमध्ये नंतर. ‘वर्ष’मधला रफार तिथे ‘ष’नंतर, इथे आधी. त्यात ‘वाऱ्यावर’मधला तो खास मराठी अर्धा र. बदलून घेतलेल्या मजकुरात चुका हटकून सापडतात त्या याच तीन जागी, आणि त्या माणसानेच डोळ्यांत तेल घालून काढाव्या लागतात. म्हणून प्रकाशकांनी जवळची वाट धरली: पीडीएफ. फाँट पोटात, पान जसंच्या तसं. संगणकावर ते उत्तम दिसलं. ई-रीडरवर मात्र वाचवेना.

1 डिसेंबर 2016 पासून किंडलच्या दुकानात मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तकं आली आणि युनिकोडची निकड वाढली. 2022 पासून किंडलवर ईपब पाठवता येतं. वाटेत अॅमेझॉन त्याचं रूपांतर करून घेतं. नवी पुस्तकं आता युनिकोडमध्ये जुळवली जाऊ शकतात. गुंता उरतो जुन्या पुस्तकांचा. त्यांची जुळणी त्याच जुन्या फाँटांत पडून असते, आणि कुणीतरी एकेक रफार जागेवर आणेपर्यंत त्या पुस्तकांची अक्षरं मोहरीएवढीच राहणार.