वेल्डिंग लागतं तेव्हा कळत नाही, रात्री कळतं

टॅक (जोड जागेवर धरायला मारायचा वेल्डिंगचा छोटा टाका) मारताना हेल्मेट कोण खाली घेतं, डोळे मिटायचे आणि रॉड टेकवायचा, असं मी पण बरीच वर्षं करायचो. एकदा असेच एका फ्रेमला वीसेक टॅक मारले, प्रत्येक वेळी डोळे मिटले (म्हणजे मला तसं वाटलं), घरी आलो, जेवलो, झोपलो आणि रात्री दोनला जाग आली ती डोळ्यात कोणी मूठभर वाळू घातल्यासारखी. पाणी थांबेना, लाइट सहन होईना, अंधारात बसलो तरी पापणी हलली की टोचायचं. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत आपोआप गेलं, पण डोक्यात एक प्रश्न राहिला, की संध्याकाळी पाचला झालेली इजा रात्री दोनपर्यंत कुठे दडून बसली होती?

उत्तर असं की इजा पाचलाच झालेली असते, फक्त दुखायला वेळ लागतो. आर्कमधून, म्हणजे रॉड आणि लोखंडाच्या मध्ये पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीतून, डोळ्याला दिसणाऱ्या उजेडासोबत भरपूर अल्ट्राव्हायोलेट किरण निघतात. ते डोळ्याच्या अगदी पुढच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, तिथल्या वरच्या पेशींमध्ये शोषले जातात. पेशी लगेच मरून पडत नाहीत, सहा ते बारा तासांत हळूहळू सुटायला लागतात आणि मग खालची नसांची टोकं उघडी पडतात. कॉर्नियामध्ये अशी टोकं इतकी दाट आहेत की धुळीचा कण पण आपल्याला डोंगराएवढा वाटतो, मग अख्खा थरच सोलला गेला तर काय होणार. सुदैवाने तो थर एक-दोन दिवसांत परत भरून येतो. तोपर्यंत अंधार, गार पाण्याच्या पट्ट्या आणि डॉक्टर, एवढंच. कोणाकडे तरी पडून असलेले बधिर करणारे ड्रॉप्स मात्र घालत बसू नका, बरं वाटतं खरं, पण त्याने जखम भरायची थांबते आणि वारंवार घातले तर कॉर्निया कायमचा खराब होऊ शकतो. आणि कॉन्टॅक्ट लेन्स आर्कने वितळून डोळ्याला चिकटते ही गोष्ट तुम्ही पण ऐकली असेल, ती निव्वळ थाप आहे.

मग डोळे मिटले होते त्याचं काय? आर्क पेटल्याचं बघून पापणी मिटायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो, आणि आधीच मिटायची म्हटलं तर रॉड कुठे टेकतोय ते दिसत नाही म्हणून माणूस शेवटच्या क्षणापर्यंत किलकिल्या डोळ्याने बघतोच. हे थोडं थोडं साठत जातं, दिवसभरातले सगळे टॅक एकाच खात्यात जमा होतात. त्यात आर्कच्या मध्यभागी तापमान 6000 अंश सेल्सियसच्या वर, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा जास्त. सूर्याचे सगळ्यात घातक किरण, 280 नॅनोमीटरच्या खालचे, वाटेत वातावरणातला ओझोन आणि ऑक्सिजन गिळून टाकतात, जमिनीपर्यंत येतच नाहीत. वेल्डिंगमध्ये तुमच्या आणि त्या छोट्या सूर्याच्या मध्ये फक्त हातभर हवा असते.

म्हणून काच. काचेवरचा नंबर म्हणजे ती किती उजेड अडवते त्याचं माप आणि ते सरळ वाढत नाही, एक नंबर वाढला की आत येणारा उजेड निम्म्याहून कमी होतो. 10 नंबरची काच साधारण 7 हजारातला एक भाग आत सोडते, 11 नंबरची 19 हजारातला एक. साध्या रॉड वेल्डिंगला 10 ते 12, करंट जास्त तर नंबर जास्त. दोन गॉगल एकावर एक घालून काम भागवणारे महाभाग मी पाहिलेत, तर काच काळी दिसते म्हणजे ती अल्ट्राव्हायोलेट अडवतेच असं नाही, उलट अंधारात बाहुली मोठी होते आणि आत जास्त जातं. ऑटोमॅटिक हेल्मेटबद्दल पण एक गैरसमज आहे, लोकांना वाटतं काच काळी व्हायच्या आधीच्या क्षणात डोळे जातात. चांगल्या हेल्मेटमध्ये अल्ट्राव्हायोलेट आणि इन्फ्रारेडचा फिल्टर कायम चालू असतो, काच उजळ असतानाही, काळं होणं हे फक्त दिसणाऱ्या उजेडापुरतं. अर्थात बॅटरी संपलेलं हेल्मेट घालून काम करायचं नाही, कारण तो झगझगीत निळा उजेड थेट डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, रेटिनावर जातो, आणि रेटिना कॉर्नियासारखा भरून येत नाही.

सगळ्यात जास्त डोळे कोणाचे जातात? माझ्या बघण्यात तरी हेल्परचे. वेल्डरकडे हेल्मेट असतं, जॉब (वेल्ड करायची वस्तू) धरून उभा असलेला पोरगा मान फिरवून उभा असतो आणि पांढऱ्या भिंतीवरून किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरून परावर्तित झालेलं सगळं त्याच्या डोळ्यात. त्याला पण काच द्या, नाहीतर मध्ये पडदा लावा.

आता शॉक. बाकी सगळ्याचा हिशोब उशिरा होतो, याचा तिथल्या तिथे. तरी इथेही माणूस फसतो, कारण आधीचे पन्नास शॉक नुसते झिणझिण्या देऊन गेलेले असतात आणि मग वेल्डिंगचा शॉक मारत नाही असं वाक्य तयार होतं. आर्क चालू असताना होल्डरवर (रॉड धरायच्या चिमट्यावर) जेमतेम 20-30 व्होल्ट असतात. आर्क नसताना, म्हणजे आपण नुसते उभे आहोत, रॉड बदलतोय, तेव्हा 60 ते 80 व्होल्ट. म्हणजे काम थांबलेलं असतं तेव्हा धोका जास्त. कोरडी कातडी असेल तर शरीराचा रोध हजारो ओहम, 80 व्होल्ट सहसा झिणझिण्यांच्या पुढे जात नाहीत. पण घामाने भिजलेला हातमोजा, ओला शर्ट, लोखंडावर टेकलेला गुडघा, असं असलं की तोच रोध हजार ओहमच्या आसपास येतो, आणि 80 भागिले 1000 म्हणजे 80 मिलिअँपिअर. साधारण 10 मिलिअँपिअरच्या पुढे एसी करंटने स्नायू आवळतात आणि हातातली वस्तू सोडताच येत नाही, 50 च्या पुढे छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. म्हणजे मशीन तेच, व्होल्ट तेच, फक्त घाम आला. टाकीच्या आत बसून काम करणारा तर चारी बाजूंनी लोखंडाला टेकलेला असतो, तिथे डीसी मशीन किंवा काम थांबलं की व्होल्टेज आपोआप खाली आणणारं मशीनच वापरायला हवं.

म्हणून रॉड बदलताना मोजा कोरडा हवा, उघड्या हाताने नको. होल्डर काखेत धरून दुसरं काही करायचं नाही, तापला म्हणून पाण्यात बुडवायचा नाही, केबल खांद्यावरून किंवा कमरेला गुंडाळायची नाही. फाटलेल्या केबलला साधी टेप गुंडाळून वर्षानुवर्षं काम चालतं, आणि तीच जागा एक दिवस पाण्यात येते.

दुसऱ्या केबलचा घोळ यापेक्षा कमी लोकांना माहीत आहे. जॉबला जो क्लॅम्प लावतात त्याला सगळे अर्थिंग म्हणतात, ती अर्थिंग नव्हे, तो करंटचा परतीचा रस्ता आहे. होल्डरमधून 100-150 अँपिअर गेले तर तेवढेच परत मशीनमध्ये यायला पाहिजेत, आणि ते जो रस्ता सोपा मिळेल तिथून येतात. तुम्ही क्लॅम्प लांब कुठेतरी शेडच्या खांबाला लावलात, तर करंट वाटेतल्या बेअरिंगमधून जाईल, क्रेनच्या चेनमधून जाईल, कोणाच्या तरी ड्रिल मशीनच्या अर्थ वायरमधून पण जाईल. ती वायर 10-15 अँपिअरच्या हिशोबाची, ती आतल्या आत जळते, वरून काही दिसत नाही, आणि महिन्याभराने ते ड्रिल मशीन हातात घेणाऱ्याला अर्थिंगच नसते. क्लॅम्प जोडाच्या जितका जवळ तितकं बरं, आणि पेंट-गंज घासून लावायचा. जॉबची खरी अर्थिंग ही वेगळी गोष्ट आहे.

धूर. काळी काच धूर गाळत नाही हे सांगायला नको, तरी मान जॉबवर वाकवून सगळा धूर हेल्मेटच्या आत घेणारे आपणच. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपवरचं जस्त 907 अंशांना उकळतं आणि स्टील वितळायला 1500 च्या आसपास लागतात, म्हणजे स्टीलचं पाणी व्हायच्या आधी जस्ताची वाफ झालेली असते. ती पांढरा धूर होऊन छातीत गेली की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं, तोंडाला धातूची चव येते. लोकांना वाटतं व्हायरल आहे. एक-दोन दिवसांत उतरतो. मजा म्हणजे रोज धूर घेणाऱ्या शरीराला थोडी सवय होते आणि दोन दिवस सुट्टी घेतली की ती सवय मोडते, म्हणून याला सोमवारचा ताप असंही नाव पडलंय. दूध प्यायल्याने छातीतलं जस्त बाहेर येत नाही. जोडाच्या आजूबाजूचं जस्त घासून काढा, डोकं धुरापासून लांब ठेवा, हवा बाजूने खेळती ठेवा.

स्टेनलेस स्टीलच्या धुरात निकेल आणि घातक प्रकारचं क्रोमियम असतं, त्याचा ताप वगैरे येत नाही, ते वर्षानुवर्षं गप्प बसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 साली वेल्डिंगचा धूर, कुठल्याही स्टीलचा असो, कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. आणि क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने किंवा डिग्रीझरने पुसलेल्या जॉबवर तर कधीच आर्क मारू नका, त्या वाफेवर आर्कची उष्णता आणि अल्ट्राव्हायोलेट पडलं की फॉस्जीन तयार होतो, पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू. त्याचंही तेच, सुरुवातीला थोडा खोकला आणि फुफ्फुसात पाणी काही तासांनी.

आगीचं पण असंच. ठिणगी पडते तेव्हा ज्वाळा दिसत नाही. 11 एप्रिल 1996 ला जर्मनीत ड्युसेलडॉर्फ विमानतळावर टर्मिनलच्या वरच्या रस्त्यावर वेल्डिंग चालू होतं, गरम थेंब फटीतून खाली गेले, छताच्या आतल्या थर्मोकोलसारख्या इन्सुलेशनला धग लागली, आणि बाहेर कळेपर्यंत आत बरंच काही पेटलं होतं. 17 माणसं गेली. ठिणग्या 10 मीटरपर्यंत उडतात, पत्र्याच्या पलीकडच्या बाजूला काय टांगलंय ते आपल्याला दिसत नाही. म्हणून काम संपल्यावर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, कोणीतरी तिथे नुसतं बसून राहायचं असतं. मी बसतो. लोक हसतात.

रिकाम्या ड्रमला मात्र मी हातच लावत नाही. डिझेलचा ड्रम भरलेला असतो तेव्हा आत हवा कमी असते, रिकामा झाला की तळाला चिकटलेला चमचाभर डिझेल आणि वर ड्रमभर हवा, त्याला बाहेरून उष्णता दिली की त्या चमच्याची वाफ होऊन हवेत मिसळते आणि आर्क असतोच पेटवायला. धुऊन आणलाय, वास पण येत नाही, एकच छोटा टॅक आहे, असं म्हणत परवाच एक जण आला होता. नाही म्हणालो तर रागावून दुसरीकडे गेला, आणि तिथे त्याला कोणी काय सांगितलं ते मला कळलं नाही.