जिल्हे, तालुके आणि कमांड लाइन

फोल्डरच्या पोटात फोल्डर ही रचना १९६५ साली मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आराखड्यात सविस्तर मांडली गेली. त्या प्रकल्पातून बेल लॅब्ज ही अमेरिकन संशोधन संस्था १९६९ मध्ये बाहेर पडली आणि त्याच वर्षी तिथल्या केन थॉम्पसन, डेनिस रिची यांनी युनिक्स या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमला हात घातला. समोर पडदा नव्हता. सेकंदाला दहा अक्षरं छापणारं टेलिटाइप यंत्र होतं, त्यामुळे एलएस (यादी दाखव), एमव्ही (हलव किंवा नाव बदल), सीपी (प्रत काढ) अशा दोनच अक्षरांच्या आज्ञा सोयीच्या पडत.

शोधाशोधीच्या दोन आज्ञा मात्र दोन वेगळ्या घरच्या. ग्रेप १९७३ ची. बेल लॅब्जमधल्याच ली मॅकमहॉन यांना फेडरलिस्ट पेपर्स हे अमेरिकन निबंध चाळायचे होते. एवढा मजकूर तेव्हाच्या ‘ईडी’ एडिटरमध्ये मावेना, म्हणून थॉम्पसननी त्यातली शोधायची सोय वेगळी काढून दिली. फाइंड आली पुढच्या वर्षी, डिक हेट यांच्याकडून. ग्रेप फाइलीच्या आतला मजकूर पाहते, फाइंड नाव, आकार, तारीख पाहते. दोघींची लिहायची धाटणी जुळत नाही. नवशिके इथेच अडखळतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

आज्ञा टाइप करून काम करायच्या, म्हणजेच कमांड लाइनच्या, सरावाला बहुतेक ठिकाणी फळं-प्राण्यांची फोल्डरं देतात. फारच बेचव प्रकार! नांदेड-लातूरच्या पोरांनी सरळ मराठवाडा घ्यावा: विभाग, आठ जिल्हे, खाली तालुके. गृहपाठ इतिहासानेच देऊन ठेवलाय. १९८१ मध्ये औरंगाबादेतून जालना निघाला, त्यात परतूर तालुका परभणीकडून आला. १९८२ ला उस्मानाबादेतून लातूर, १९९९ ला परभणीतून हिंगोली. हे सगळं एमव्हीने करून बघावं. २०२३ च्या नामांतरानंतर औरंगाबाद, उस्मानाबाद या नावांनी कुणी आलाच तर तो छत्रपती संभाजीनगर, धाराशिवला पोचावा म्हणून सिम्बॉलिक लिंक, म्हणजे जुन्या नावावरून नव्या जागी नेणारी पाटी, टाकावी; ही सोय बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये १९८३ ला आली.

साध्या मजकुराच्या फायलींत आज ‘कळमनुरी’ असं देवनागरीतच शोधता येतं. त्यामागे आहे यूटीएफ-८, म्हणजे जगभरच्या लिप्यांना एकच संकेत देणाऱ्या युनिकोडची अक्षरं फाइलीत साठवायची पद्धत. १९९२ मध्ये ती मांडणाऱ्या दोघांपैकी एक पुन्हा थॉम्पसनच, दुसरे रॉब पाइक. पण श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फायलींत हा शोध रिकाम्या हाती परततो. पडद्यावर कळमनुरी दिसलं तरी आत भलतीच अक्षरं साठवलेली असतात. आधी तो मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो, मगच ग्रेप.